हात खाली

पॉलिशवालीने हात वर केला. आधीच्या कारखान्यातली सवय. तिथं बहुतेकांचे हात वर गेले की आपलाही न्यायचा. उगाच साहेबांच्या डोळ्यांवर कशाला यायचं? उन्हाळाभर काम सातऐवजी सहाला सुरू करायचं आणि दुपारी तासभर आधी सुटायचं, असा विषय होता. पत्र्याखाली दुपारी सगळेच भाजून निघत होते. सहाला यावं लागलं तर आपलं हे काम सुटलंच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी हात वर होता.

"हात खाली," शेजारचे करवतदादा पुटपुटले. "इथं हात मोजत नाहीत. तोंडाने सांगायचं."

हा कारखाना सुतारांनी मिळून काढलेला, त्यामुळे सगळेच मालक आणि सगळेच बोलके. अध्यक्षपद यंदा काकांकडे होतं. एकेकाकडे बघून ते विचारत होते, "चालेल?" आणि जो तो "चालेल" म्हणत होता. प्रश्न तिच्यापर्यंत आला. हात सहज वर गेला होता, पण तोंडाने "चालेल" म्हणणं काही जमेना.

"सगळ्यांना चालतंय ना?" ती म्हणाली. "मग बहुमत झालंच की. माझ्या एकटीसाठी कशाला खोळंबा?"

"बहुमत आम्हालाही मोजता येतं, पोरी," काका म्हणाले. "पण सहाला इथं तुला यायचंय, बहुमताला नाही."

मग तिने सांगितलं. सासरे अंथरुणाला खिळलेले. नणंद रात्रपाळी करून साडेसहाला घरी येते, तोवर त्यांना एकटं सोडता येत नाही. एवढं बोलताना तिचे कान तापले. कुणीतरी जांभई दिली, कुणी घड्याळाकडे पाहिलं, पण उठलं कुणीच नाही. आपल्या एकटीसाठी थांबणारी ही कसली माणसं, असं तिला वाटलं, आणि डोळे भरून आले.

"मग सातच राहू द्या," कुणीतरी म्हणालं. काकांनी पुन्हा पहिल्यापासून विचारायला घेतलं. चालेल. चालेल. करवतदादा रंध्याशी चाळा करत खाली बघून म्हणाले, "चालेल."

शेवटी तिचा नंबर आला. सगळ्यांनी डबे उचलले होते.

"नाही चालणार," ती म्हणाली.

"आता काय झालं, बाई?" काकांनी विचारलं.

"करवतदादांचं 'चालेल' नुसतं ओठांवरचं होतं."

सगळे दादांकडे वळले. दादा कानकोंडे झाले. लवकर सुटलो असतो तर नातवाला शाळेतून आणता आलं असतं, एवढंच ते म्हणाले. पोरगं रोज फाटकाशी एकटंच बसून राहतं.

"सकाळी सगळ्या करवती चालतात, भुसा उडत असतो," पॉलिशवाली म्हणाली. या खेपेला तिला कुणी विचारलंही नव्हतं. "त्या वेळी पॉलिश होतच नाही. तुम्ही सगळे सहाला या. मी सातला येते आणि मागे थांबून कुलूप लावते."

"म्हणजे पुन्हा पहिल्यापासून विचारायचं!" काकांनी कपाळाला हात लावला, पण ते हसत होते. "बसा रे सगळे. चहा टाका."

डबे खाली ठेवले गेले, बाकं पुन्हा ओढली गेली. काकांनी सुरुवात करवतदादांपासूनच केली.

या वेळचं त्यांचं "चालेल" बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.