आईला गुडघे नाहीत

"आईला गुडघे नाहीत, सर."

"नाहीत म्हणजे?" दिग्दर्शकाचा चहाचा कप तोंडाशी जाता जाता थांबला.

"कमरेखाली काहीच नाही."

हाडवैद्यबाईंनी पडद्यावरच्या आईला उलटं करून दाखवलं. कार्टूनमधल्या पात्रांच्या आत हाडं घालणं हे बाईंचं काम, म्हणून स्टुडिओत त्यांना हे नाव पडलं होतं. आई आतून पोकळ होती. खालून बघितलं की थेट डोळ्यांची मागची बाजू दिसायची.

सिनेमा अस्वलांच्या कुटुंबाचा. बाबा अस्वल सगळ्या जंगलाच्या चुकांसाठी खांद्यावर ओंडका घेऊन डोंगर चढतात, मरतात, आणि तिसऱ्या दिवशी गुहेच्या तोंडावरचा धोंडा सरकवून बाहेर येतात. पाठीमागून उजेड. आई मात्र पहिल्या दृश्यापासून स्वयंपाकघरातल्या टेबलामागे उभी असल्यामुळे तिला पाय देण्याचा खर्च वाचवला होता. पूर आला तेव्हा टेबलही तिच्यासोबत वाहत आलं. कुणाला खटकलं नाही. तिला वाक्य एकच होतं, "बाबांना विचारा." बाबा मेल्यावरही ती तेच सांगते. लोक इथे रडतील, अशी दिग्दर्शकाची खात्री होती.

"मोठ्या साहेबांना शेवट भिडत नाहीये," तो म्हणाला. "त्यांचं म्हणणं, आईने बाहेर यावं आणि बाबांच्या पायाशी गुडघे टेकावेत. पाच वाजता सगळ्यांच्या घरची माणसं येतायत सिनेमा बघायला. पोरंबाळं घेऊन."

"टेबलासकट टेकवू का?"

"बाई, चेष्टा नको. हा शॉट झाला तर दुसऱ्या भागाची टीम तुमच्या हाताखाली. साहेब स्वतः बोललेत."

बाईंचा पाय सकाळपासून टेबलाखाली हलत होता. तो आता जास्त हलू लागला. मागच्या खेपेला टीम ज्याला मिळाली, त्याला हाडं घालायला बाईंनीच शिकवलं होतं. हल्ली तो बाईंची हाडं तपासायचा.

"सर, एक विचारू? मूळ गोष्टीत त्या गुहेपाशी सगळ्यात आधी कोण पोचतं?"

"बायका," दिग्दर्शक लगेच म्हणाला. "लहानपणी दर रविवारी ऐकलंय. आमचे वडीलच वाचायचे चर्चमध्ये."

"मग आपल्याकडे कोण पोचतं?"

"ससा."

"ससा कशाला?"

"सशाचे पाय तयार होते हो!"

बाई कामाला लागल्या.

जाता जाता दिग्दर्शकाने सुचवलं, की बाबांचे पाय उचलून आईला लावा, वेळ वाचेल. बाईंनी लावून बघितले. आई छाती काढून टेबलापाशी गेली, खुर्चीत बसली आणि कुणीतरी वाढायची वाट बघू लागली. बाईंनी पाय काढून घेतले.

नवेच करावे लागणार होते. बाईंनी कपाटाला मोबाइल टेकवला आणि बाहेरच्या लांब व्हरांड्यात स्वतः चालून त्याचं चित्रण केलं. लिफ्टपर्यंत जाऊन परत यायचं होतं. लिफ्टचं दार उघडंच होतं. बाई तिथे जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या, मग परत आल्या. त्या चालीवरून त्यांनी आईला मांड्या दिल्या, गुडघे दिले, घोटे दिले. डावा पाय किंचित आत पडत होता, तोही तसाच ठेवला.

चारच्या पुढे दिग्दर्शक दारातून डोकावला.

"झालं?"

"चालतेय."

"टेकतेय का?"

"नव्या पायांना आधी चालवून बघावं लागतं, सर. घाईत वाकवला तर गुडघा मागे वळतो."

"अहो, तिला कुठे लांब जायचंय? टेबलापासून बाबांपर्यंत!"

"बघतेय ना."

तो पुन्हा आला तेव्हा खाली गाड्या लागायला लागल्या होत्या. "जे असेल ते जोडा," तो म्हणाला आणि साहेबांना घ्यायला पळाला.

जोडण्यासारखं दोन होतं. एक जुना शेवट: आई टेबलामागे हात जोडून उभी, साहेबांना भिडला नसला तरी चूक काढायला जागा नाही. दुसरी ही चालणारी. बाईंनी जुन्यावर बोट ठेवलं. टीम मिळाली तर काय काय बदलायचं, हे त्यांनी मनात कधीचं ठरवून ठेवलं होतं. त्यांनी बोट उचललं. मग त्यांनी चालणारी जोडली आणि पर्स उचलली.

छोट्या थिएटरात अंधार झाला. मोठे साहेब पुढच्या रांगेत, नात मांडीवर. बाई दारालगतच्या खुर्चीत. धोंडा सरकला, उजेड आला, बाबा बाहेर आले आणि त्यांनी आशीर्वादासाठी हात वर केला.

आई टेबलामागून निघाली.

"आईला पाय आले!" साहेबांची नात ओरडली.

आई चालत सशाच्या अंगावरून आली. ससा दचकला नाही, कारण त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं. ती बाबांपाशी आली. बाबांची नजर ठरवून दिल्याप्रमाणे खाली गेली, त्यांच्या पायांपुढच्या रिकाम्या जागेकडे, जिथे ती असायला हवी होती. ती त्यांना ओलांडून गेली. पुढे झाडं संपली, मग रंग न भरलेली झाडं लागली, मग तीही संपली आणि नुसतं राखाडी उरलं. आई त्यातही चालतच होती, डावा पाय किंचित आत टाकत. मागे बाबांचा हात वरच.

पाठच्या रांगेत कुणाची तरी बायको हसली. साहेबांनी मान वळवली.

दिग्दर्शक वाकून बाईंच्या कानाशी आला. "बाई, कुठे चालली ती? थांबवा तिला!"

बाईंचा पाय अंधारात अजून हलतच होता.

"थांबायचं अजून शिकवलं नाही, सर."