चढावरची दुकानं

चौथ्या दुकानापाशी ब्रेंडा पुन्हा थांबली आणि काचेला नाक लावून आतल्या किटल्या बघू लागली.

"आता किटल्या?" मागून नवरा आला. "घरात तीन आहेत. त्यातल्या दोन गळतात."

"बघायला काय जातंय, डेस? ती निळी बघ ना, कोंबडीसारखी."

"कोंबडीच्या चोचीतून चहा. वा!" एवढं बोलायला डेस्मंडला तीनदा श्वास घ्यावा लागला. ब्रेंडाचं लक्ष किटलीवर नव्हतंच. काचेत त्याचा चेहरा दिसत होता, त्यावर होतं. तो चेहरा जरा माणसात येईपर्यंत तिने त्या कोंबडीचं इतकं कौतुक केलं, की आतली विकणारी बाई आशेने उठून उभी राहिली. मग "नको बाई, झाकण लहान आहे," असं म्हणून ब्रेंडा पुढे चढू लागली.

लिंकन शहरातला तो चढ म्हणजे नुसता खडा. खालच्या बाजारातून वर कॅथीड्रलपर्यंत छोटी बस जाते. ब्रेंडाने तिचं नुसतं नाव काढलं, तर डेस्मंड म्हणाला, "बस म्हाताऱ्यांसाठी असते." स्वतः अठ्ठ्याहत्तरचा! ग्रिम्सबीच्या गोदीत जन्मभर माशांच्या पेट्या उचललेला गडी, मोडेल पण वाकायचा नाही. फेब्रुवारीत हृदयाचा झटका आला, तेव्हासुद्धा ॲम्ब्युलन्सपर्यंत आपल्या पायांनी चालत गेला. डॉक्टरांनी ब्रेंडाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, चढ असेल तर दर वीस पावलांना थांबवा. थांबवा म्हणे! स्वतःसाठी तो मेला तरी थांबला नसता. बायकोच्या खुळापायी मात्र थांबायचा, कुरकुरत का होईना.

म्हणून ब्रेंडाला आज जगातली सगळी दुकानं आवडत होती. लोकर झाली, जुनी पुस्तकं झाली, कॅथीड्रलची आठवण म्हणून विकतात ते पितळेचे छोटे सैतान झाले. छातीत दुखलं तर जिभेखाली मारायचा औषधाचा फवारा पर्समध्ये होता आणि तिचा हात पर्सवरून हलत नव्हता.

"साडेपाचला कॅथीड्रलमध्ये प्रार्थनेचं गाणं सुरू होतं," डेस्मंडने बजावलं. "इतकी वर्षं दर मे महिन्यात येतोय, एकदाही चुकलं नाही. यंदा चुकलं तर तुझ्या या दुकानांपायी. चल, पाय उचल."

टोप्यांच्या दुकानाची मालकीण दारातच उभी होती. तिने डेस्मंडच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "खुर्ची देऊ का?"

डेस्मंडची मान ताठ झाली. "द्या बाई, द्या!" म्हणत ब्रेंडा स्वतःच खुर्चीत बसली. "हा माझा मेला गुडघा."

"हिचा गुडघा," डेस्मंडने मालकिणीला समजावून सांगितलं. "वय झालं हिचं." आणि खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरून तो बायकोला सोबत करत उभा राहिला. ब्रेंडा डावा गुडघा चोळत होती. चोळता चोळता विसरली आणि उजवा चोळू लागली. मालकिणीने ते पाहिलं, आणि पलीकडे रस्त्यावर काहीतरी बघण्यासारखं असल्यासारखी तिकडे बघत राहिली.

तेवढ्यात वर कॅथीड्रलची घंटा सुरू झाली.

"झालं!" डेस्मंड म्हणाला आणि तरातरा निघाला. भिंतीलगत धरायला लोखंडी कठडा होता, त्याला त्याने बोटसुद्धा लावलं नाही. ब्रेंडा खुर्चीतून उठून धावली. गुडघा दुखायचं सोंग आणायचंही तिला भान राहिलं नाही. त्याच्या मानेवर घाम आला होता. कान राखेसारखे झाले होते. आणि दुकानं संपली होती. वरच्या वळणापर्यंत कुणाच्या तरी परसाची लांबच लांब भिंत, बस्स.

ब्रेंडा थांबली. थांबली खरी, पण बघायचं काय? ना काच, ना पाटी, ना एखादी वेल. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. जन्मात कधी शब्दाला न अडलेली बाई, पण आज तिला एक शब्द सुचेना. माझा माणूस इथेच या दगडांवर पडणार, एवढं एकच तिच्या मनात घोळत होतं.

डेस्मंड चार पावलं वर गेला होता. तो वळला. "आता काय आहे तिथे?"

ती भिंतीकडेच बघत राहिली. वळून बघितलं असतं, तर त्याला तिचे डोळे दिसले असते.

घंटा वाजतच होती. डेस्मंडने भिंतीकडे बघितलं, मग बायकोच्या पाठीकडे बघितलं. मग त्याने कठडा धरला आणि एकेक पाऊल टाकत खाली आला. तिच्या खांद्याला खांदा लावून तोही भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बराच वेळ त्याच्या धापेचाच आवाज येत होता.

"दगड चांगला आहे," शेवटी तो म्हणाला.

"हं."

वर घंटा थांबली. गाणं सुरू झालं असणार. डेस्मंड हलला नाही.

"नीट बघून घे," तो म्हणाला. "मला काही घाई नाही."