मागचा आवाज

मी भूल देणारी डॉक्टर. आमच्याकडे एक शिस्त आहे. औषध टोचण्याआधी मी त्याचं नाव मोठ्यानं म्हणते आणि सिस्टर सिरिंजवरचं लेबल बघून ते पुन्हा म्हणतात.

त्या दिवशी एका आजींचं ऑपरेशन आटोपलं, सर्जन बाहेर गेले. मी सिरिंज उचलली. वीस वर्षांची सवय ती, लेबल बघतंय कोण! "भूल उतरवायचं औषध," मी म्हणाले.

"नाही गं बाई. हे अंग लुळं करायचं," मागून आवाज आला.

मी लेबल बघितलं. खरंच की! घशातली श्वासाची नळी काढल्यावर आजींना श्वासच घेता आला नसता. मी सिरिंज बाजूला ठेवली.

"सिस्टर, अगदी देवासारख्या धावून आलात!"

दार ढकलून सिस्टर आत येत होत्या. "काय झालं मॅडम? मी तर आत्ता येतेय."

मग योग्य औषध दिलं, नळी काढली. आजींनी खोल श्वास घेतला आणि माझा जीव भांड्यात पडला. सिस्टर समोर उभ्या राहून त्यांचा हात चोळत होत्या.

"आजी, बऱ्या आहात ना?" मी विचारलं.

"बरी आहे गं ती," माझ्या मागून तोच आवाज म्हणाला.

आजींनी डोळे उघडले आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत त्या ओळखीचं हसल्या.