रेषेपलीकडचा बाक

पूर्वार्ध संपत आला तरी मुलगी बाकावरच होती. गुडघे जुळवून, सॅक मांडीवर घेऊन. मैदानाच्या अलीकडच्या बाजूला, पालकांसाठी आखलेल्या पांढऱ्या रेषेमागे, तिचे वडील हाताची घडी घालून उभे होते.

रेषेचा नियम या हौशी फुटबॉल संघांनी मिळून केला होता. खेळाडूंचा बाक पलीकडे, पालक अलीकडे. खेळ चालू असताना कोणी रेषा ओलांडली, तर त्याचा संघ बाद. वडील वजनमापांचे तपासनीस होते. नियम त्यांना मनापासून आवडत.

"तुमची पोर आजही बाकावरच का?" शेजारचा बेकरीवाला म्हणाला. "आमचं रत्न बघा. मैदानात असून बाकावर बसल्यासारखं खेळतंय."

वडील हसले नाहीत. "सगळ्या मुलांना सारखा वेळ द्यायचा, असं ठरलंय."

"मग बोला ना मॅडमशी."

"बोललोय."

ते खरे होते. प्रशिक्षक बाई एरवी दवाखान्यात परिचारिका होत्या. मागच्या सामन्यानंतर वडिलांनी त्यांना गाठले होते. "तिची तयारी होऊ द्या," एवढेच बाई म्हणाल्या, आणि बोलताना त्यांचे लक्ष मुलीच्या मनगटाकडे होते.

मोसमाच्या सुरुवातीला असे नव्हते. तेव्हा मुलगी पहिल्यापासून खेळे. तिच्याकडून चेंडू हुकला, की मध्यंतरात तिला हाक मारून वडील सरळ घरी नेत. चूक ताजी असतानाच समजावलेली बरी, असे त्यांचे मत होते. ते समजावणे दिवेलागणीपर्यंत चाले, आणि तिच्या आईलाही समोर बसावे लागे. पुढे बाई मुलीला उशिरा उतरवू लागल्या. अगदी शेवटी, किंवा नाहीच. तेव्हापासून वडील सामना संपेपर्यंत जागचे हलत नसत. मुलगी कुठे चुकते ते पाहिल्याशिवाय घरी जाऊन बोलणार काय?

मध्यंतर झाले. त्यांनी घरी फोन लावला. बायकोने लगेच उचलला. तशी सवयच होती तिला.

"काय करतेस?"

"कपड्यांच्या घड्या."

"मागे आवाज कसला?"

"खिडकी उघडी आहे. खाली कुणाची तरी गाडी थांबलीय."

"लाव ती."

"लावते," ती म्हणाली.

उत्तरार्धात दोन मुली बदलल्या गेल्या. बाकावर आता तीच एकटी उरली. बेकरीवाला चुकचुकला आणि मग वडिलांचा चेहरा पाहून तो थोडा बाजूला सरकला.

"आज मी सोडणार नाही," वडील शांतपणे म्हणाले. कोणाला, ते त्यांनी सांगितले नाही.

तेवढ्यात बाई बाकाशी आल्या. त्यांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला, वाकून काहीतरी सांगितले. मुलगी उठली आणि सॅक घेऊन मागच्या कपडे बदलायच्या खोलीकडे निघाली.

"चला, उतरवतायत एकदाचं," बेकरीवाला म्हणाला.

खोलीच्या दाराशी मुलगी थांबली. तिने मैदानापलीकडे, वडिलांकडे पाहिले. त्यांनी तर्जनी उगारली. नीट खेळ. तिने मान हलवली आणि ती आत गेली.

वडील वाट पाहत राहिले. चेंडू त्यांच्या पायाशी येऊन गेला. त्यांनी पाहिलाही नाही. खोलीचे दार अर्धवट उघडेच होते. त्यांच्या बुटाचे टोक रेषेला टेकले. त्यांनी पाय मागे घेतला.

शेवटची शिट्टी झाली. मग मात्र ते मैदान आडवे तुडवत थेट बाईंपुढे जाऊन उभे राहिले. बाई खाली बसून जाळीत चेंडू भरत होत्या.

"माझ्या मुलीवर तुम्ही अन्याय केलाय. मोसमभर. याचं उत्तर द्यावं लागेल तुम्हाला."

बाई उठल्या. त्यांनी जाळीचे तोंड आवळून बांधले.

"बाकावर बसवा, असं तिनंच मला विनवलं होतं. म्हणाली, मी आता उतरेन, मग उतरेन, या आशेवर बाबा इथून हलणार नाहीत; तोवर आईला सामान घेऊन निघता येईल. खोलीच्या मागच्या दाराशी गाडी आली होती. गेल्या दोघी."