संमतीचा अंगठा

कामिनीला वकिलांनी चार दिवस पढवलं होतं. सांगायचं एवढंच, की धाकट्या जावेनं राजीखुशीनं मुलगी दत्तक दिली आणि कागदावर स्वतः अंगठा केला. शहाद्याच्या कोर्टात साक्षीच्या पिंजऱ्यात चढेपर्यंत ते तिला तोंडपाठ होतं.

समोरच्या बाकावर ती धाकटी जाऊ, रंजना, एकटीच बसली होती. सगळं घर पलीकडच्या बाकावर, कामिनीच्या बाजूनं. त्यात रंजनाचा नवरा धीरजसुद्धा. पोटच्या पोरीसाठी अख्ख्या घराशी भांडायचं म्हणजे काही खायचं काम नाही. पण दत्तकपत्र रद्द करा, माझी हेमांगी मला द्या, हे मागणं तिनं तीन वर्षं सोडलं नव्हतं.

रंजनाचे वकील उठले. "तुमची जाऊ बारावी पास आहे. तिला सही येते. मग संमतीपत्रावर अंगठा कसा?"

याचंही उत्तर तयार होतं, हाताला सलाईन लावलं होतं म्हणून. कामिनीनं तोंड उघडलं आणि तिला तो अंगठा आठवला. बाळंतपणानंतरच्या आजारात, चटका बसावा इतका तापलेला. धरून दाबला तरी जराही न हललेला.

"अंगठा तिन्हाच शे," ती म्हणाली. "पन धरेल मी व्हता. ताप डोकामा चढेल व्हता, तिले सुद नव्हती. मंग शाई बी मीच पुसी, खोबरेल तेल लाईसन."

तिचेच वकील ताडकन उभे राहिले. न्यायाधीशांनी त्यांना हातानं बसवलं. "शुद्धीवर आल्यावर तरी तिला विचारलंत?"

"नही, साहेब. घरनी पोर घरमाच ऱ्हास, सुनले काय इचारानं, अस वाटनं आमले." कामिनीनं रंजनाकडे बघितलं. "माले लेकरू नव्हतं. माले ती पाहिजे व्हती. आजबी पाहिजे."

निकालासाठी पुढच्या महिन्याची तारीख पडली.

व्हरांड्यात तिचा नवरा हेमराज साडेतीन वर्षांच्या हेमांगीला खेळवत होता. बायकोचा चेहरा बघून तो काय ते समजला. पोरीला तिच्याकडे देऊन तो जिना उतरून गेला.

रंजना समोर येऊन उभी राहिली. आता ही शिव्या देणार, आणि द्यायलाच पाहिजेत, असं कामिनीला वाटलं. रंजनानं नुसते हात पुढे केले. हेमांगी कामिनीच्या गळ्याला आणखीच बिलगली. रंजनाचे हात थोडा वेळ तसेच राहिले, मग तिनं ते खाली घेतले. तिला फार लागलं ते.

"ताई, आज ती मन्हाकडे येवाव नही," ती म्हणाली. "तू सांगी दे तिले. तू सांगशी ते ती आयकी."

कामिनीनं पोरीचं तोंड रंजनाकडे वळवलं.

"हेमू, देख. हाई काकी नही. तुन्ही मम्मी शे."

हेमांगीनं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. तिला काही ते पटलं नव्हतं.

"मंग तू कोन?"

"ती बी," रंजना म्हणाली.