जांभळा पंप

मुलांनो, अशी कल्पना करा: तुम्हाला दमा आहे, चुलत बहिणीलाही. दवाखान्यात नव्या औषधाची चाचणी होते, चिठ्ठ्या टाकतात आणि ते औषध तोंडाने ओढायचा नवा जांभळा पंप बहिणीला मिळतो. तुम्हाला मात्र जुनाच.

ईश्वरीचं असंच झालं. तिची चुलत बहीण तेजू अंगणात लंगडी घालायची आणि ओट्यावर धापा टाकणाऱ्या ईश्वरीला चिडवायची, "येतेस का गं? अगं हो, तुझा पंप जुना!" ईश्वरी नुसती जळायची.

चाचणी संपली. नवं औषध गुणकारी ठरलं. डॉक्टरांनी तेजूला शाबासकी दिली आणि पंप बंद केला. "आता बस माझ्या शेजारी," ईश्वरी खुशीत म्हणाली.

तेजू बसली. पण लवकरच तिला अशी धाप लागली, की चिडवायलाही श्वास पुरेना. ईश्वरीची खुशी कुठल्या कुठे पळाली.

तेजूला हाताला धरून तिने दवाखाना गाठला. "हिचं औषध हिला परत द्या."

"बाळ, चाचणी संपली."

"आमचा दमा कुठे संपलाय? आणि मलाही द्या, मी का मागे राहू?" म्हणत ईश्वरी डॉक्टरांसमोरच्या स्टुलावर मांडी ठोकून बसली.