कोवळ्या उन्हातला रंग

ताईचं लग्न झालं त्या वर्षी धाकटी मेकअप शिकत होती. स्वस्तातली बारा रंगांची डबी, आणि समोर बसायला तयार असे घरात फक्त बाबा, भिंती रंगवणारे, आजारपणामुळे काम सुटलेले. खिडकीतल्या कोवळ्या उन्हात ते डोळे मिटून बसायचे.

"उन्हात रंग दुप्पट दिसतो, पोरी. निम्माच लाव."

तिचं बोट गालावरून फिरायचं तसे ते झोपेत हसल्यासारखे हसायचे.

"पुसू आता?"

"राहू दे."

"लोक हसतील, बाबा!"

"रंगाऱ्याच्या तोंडाला रंग, त्यात हसायचं काय?"

एकदा चहा देताना आई म्हणाली, "टवटवीत दिसताय हो. औषध लागू पडलं म्हणायचं!"

बाबांनी हळूच धाकटीकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तीच त्यांना हाक मारून खिडकीत बसवू लागली.

मार्चमधल्या एका सकाळी बाबा गेले.